मोठा आकडा, बारीक अक्षरं

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी वहिनी खरोखर, मी पत्रापुरता.

छापखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तू लिनक्स घालून दिलंस (मोफत, टिकाऊ, चित्रं नाहीत, माऊस नाही, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं), तेव्हा मालक तुझ्यावर खूश होते. आता तुझा विषय निघाला की ते पंख्याकडे बघतात. त्याच पडद्यावर मी मुद्रितं तपासतो. अक्षरं बारीक वाटायला लागली म्हणून तुला फोन केला. तू जेवता जेवता म्हणालास, “दादा, रिझोल्यूशन बदल, दोन आकडे तर आहेत,” आणि फाईलचं नाव सांगून मोकळा झालास. आकडा मोठा तर अक्षर मोठं, असं मी धरलं. (टाइपाच्या बाबतीत सव्वीस वर्षं तसंच होतं. चोवीस पॉइंट बारापेक्षा मोठा असतो, हे मालकांनाही मान्य आहे.) यादीतला सर्वांत मोठा आकडा घातला, मशीन बंद करून चालू केलं, आणि अख्खा मजकूर डाव्या कोपऱ्यात आकसून बसला. आता आकडा कमी करायचा तर ती फाईल त्याच अक्षरांत वाचायची. मी भिंग घेऊन पडद्याला नाक लावलं. टंकनवाल्या बाई म्हणाल्या, “काका, वाचताय की वास घेताय?” मालक हसले नाहीत.

त्याच आठवड्यात एका औषधाच्या माहितीपत्रकातलं दशांशचिन्ह माझ्या नजरेतून सुटलं. लहान मुलांचा डोस दसपट झाला. बाईंनी छपाईआधी पकडलं. मालकांनी समोर बसवून विचारलं, “चूक कुणाची?” मी म्हटलं, पडद्याची. पडदा कुणी लावून दिला, हे त्यांना ठाऊकच आहे. राग मानू नकोस; दुसरं कुणी सुचलं नाही.

तुझा,
दादा

ता. क. मालकांना तुझ्या कंपनीच्या कागदावर चार ओळी हव्यात: दोष सेटिंगचा होता, तपासणाऱ्याचा नव्हे. सोमवारपर्यंत. नाही आल्या, तर माझ्या खुर्चीत बाई बसतील.

आणखी एक. आकडा मी मंगळवारीच कमी केला होता. अक्षरं बोराएवढी झाली. माहितीपत्रक बुधवारी तपासलं.

उत्तर ठळक अक्षरांत लिही. नाहीतर ते तुझ्या वहिनीकडून वाचून घ्यावं लागेल, आणि तिला यातलं काही ठाऊक नाही.