मुकुंदरावांच्या गुडघ्याचा खटला

पुणे, ४ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
नेहाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला की तुम्ही ‘लेखी दे’ म्हणता आणि फोन आजीच्या हातात देता. चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसापुढे माझं तोंडी काय टिकणार? म्हणून हे लेखी.

तुम्ही म्हणता, शेजारचे हिम्मतराव ऑपरेशननंतर गेले. आजोबा, ते चार वर्षांनी गेले, आणि मधे दोनदा तिरुमलाच्या पायऱ्या चढून आले! एकामागून दुसरं घडलं म्हणजे पहिल्यामुळेच घडलं, असं नसतं. डॉक्टर पोरगेलासा आहे, बुटांच्या नाड्याही नीट बांधत नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा. माणसावर नको, मुद्द्यावर बोल, हे मला नववीतल्या वादविवाद स्पर्धेच्या वेळी तुम्हीच शिकवलंत ना?

गुडघ्यावरच्या त्या तेलाचं आजीकडून कळलं. म्हणे सात लाख लोकांनी घेतलं, आज शेवटचा दिवस, वर पांढऱ्या कोटातल्या माणसाचा फोटो. यात पुरावा एकही नाही, तरी सहा बाटल्या? तुम्ही?

रागावू नका, माया पातळ करू नका.

तुमची नात,
नेहा

चिक्कडपल्ली, हैदराबाद, ११ जानेवारी

चि. नेहास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आजीने मोठ्याने वाचलं, बहुधा खालच्या मजल्यावरच्यांसाठीही.

तेलवाल्याची मी दीड तास उलटतपासणी घेतली. सात लाखांतला एक माणूस त्याला दाखवता आला नाही. शेवटी घामाघूम होऊन म्हणाला की साब, तुम जीते, मैं हारा. त्या आनंदात मी सहा बाटल्या घेतल्या. आजीच्या मते जिंकला तो.

हिम्मतराव मागे घेतो. नाड्याही. उरलं ते सांगतो, तो युक्तिवाद नाही. मला भीती वाटते, नेहा. शुद्ध जाईल, आणि परत आलीच नाही तर तुझी आजी एकटी पडेल. ती समोर असताना फोनवर हे बोलवत नाही. हे पत्र लंगडत जाऊन मीच पेटीत टाकणार आहे.

तुझा लोभ या घाबरटावरही असू दे.

आजोबा

पुणे, १६ जानेवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं आणि रडले. भीती खोडायला माझ्याकडे मुद्दा नाही. मलाही वाटते. तीन आठवडे रजा काढलीय, पुढच्या शनिवारी पोचते. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तुमचा हात धरीन, आणि नंतर आजीचा.

लोभ समोरासमोर वाढवूच.

नेहा

चिक्कडपल्ली, २ एप्रिल

चि. नेहास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टर पोरगेला असला तरी हाताचा पक्का निघाला. काल काठीशिवाय आजीबरोबर बाजारात गेलो. चिंचेचा कोवळा पाला घेतला, भाजीवालीशी घासाघीस केली, मजा आली. तिथे आजी सहज म्हणाली की माझी भीती तिला पहिल्यापासून ठाऊक होती, पण तीही घाबरलेली, म्हणून गप्प राहिली.

येताना रस्ता ओलांडायला तिने माझा हात धरला. पन्नास वर्षांच्या संसारात भर रस्त्यात पहिल्यांदाच! पलीकडे गेल्यावर सोडेल असं वाटलं, म्हणून मी घरापर्यंत मुद्दाम लंगडत आलो.

हे तिला कळवू नये. बाकी लोभ आहेच.

आजोबा