फील म्हणजे काय

जठारपेठ, अकोला
१४ डिसेंबर २०२५

प्रिय जहीर,

सलाम. मी बरा आहे, म्हणजे साखर वाढली आहे आणि गोड सुटलेलं नाही. भाभींचा गुडघा या थंडीत दुखत असेल. यंदा तुझी संत्री आली नाहीत म्हणून आठवण करून देणार होतो, पण ती का आली नाहीत ते मला माहीत आहे.

चार महिने तू फोन उचलत नाहीस. दोनदा अमरावतीची गाडी धरली, दोन्ही वेळा बडनेऱ्याला उतरून परत आलो. तोंडानं जमणार नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या लेकीचा, अरीबाचा, त्या कंपनीच्या संगणकाशी बुद्धिबळाचा सामना ठरला तेव्हाच तू म्हणाला होतास, "किशोर, पैलवान बी कंपनीचा, आखाडा बी कंपनीचा. मंग निकाल कोनाचा रायते?" मी हसलो. म्हटलं, पंच मी आहे ना. मलाही कंपनीनंच नेमलं होतं, हे तेव्हा सोयीनं विसरलो.

लाकडी पट नव्हताच. चाल माईकमध्ये बोलायची, पुण्याहून आलेला त्यांचा माणूस ती संगणकात टाकणार, आणि जे संगणकात गेलं तेच खरं. चौतीस चाली पोरीनं यंत्राला दाद दिली नाही. डाव बरोबरीत सुटायला आला होता. मग ती म्हणाली, "फील, डी दोन."

तुझ्या अब्बांचा शब्द. तुमच्या घरी उंटाला फीलच म्हणतात. मी बुद्धिबळ तुमच्याच ओट्यावर शिकलो आणि "मराठीत बोल की" म्हणून जन्मभर तुला चिडवत आलो. घाईत पोरीच्या तोंडून घरचा शब्द निघाला. त्या माणसानं मोबाइलमध्ये अर्थ पाहिला, फील म्हणजे हत्ती, आणि हत्ती हलवला. डी दोनवर उंटही जात होता, हत्तीही. हत्ती गेला आणि राजाची मागची रांग उघडी पडली.

अरीबा म्हणाली, "मी उंटाचं म्हटलं. काका, तुमाले तं मालूम आहे."

कंपनीचे साहेब माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही इथले. फील म्हणजे काय?"

मी म्हणालो, "हत्ती."

नंतर तुला सांगितलं, नियमापुढे माझं काही चाललं नाही. ते खोटं होतं. शब्दावर वाद झाला तर पंचाचं म्हणणं शेवटचं, अशी ओळ नियमातच होती. माझं उत्तर शब्दकोशात खरं होतं, पटावर नाही. कुंपणानंच शेत खाल्लं.

त्याच सकाळी कंपनीनं आपल्या बुद्धिबळ मंडळाला इथं खोली द्यायचं कबूल केलं होतं. तीस पट, घड्याळं. इतकी वर्षं मी देवळाच्या ओसरीत मुलं शिकवली, जहीर. साहेब विचारत होते तेव्हा मला ती खोली दिसत होती, अरीबा दिसत नव्हती.

गेल्या महिन्यात कंपनीला खरं लिहून कळवलं. उत्तर आलं, यंत्र जिंकल्याची जाहिरात सगळीकडे गेली आहे, आणि निकालपत्रावर सही तुमचीच आहे. खोली मात्र मिळाली. मुलं येतात, कंपनीच्या पडद्याशी खेळतात आणि घरी जातात. तीस पट अजून प्लास्टिकमध्ये आहेत.

परवा तुझा पुतण्या उसामा बसस्टँडवर भेटला. म्हणाला, "अरीबानं खेळनं सोडलं. दादाजानचा पट बी देऊन टाकला." मी विचारलं, कावून, का सोडलं? तो खाली बघून म्हणाला, "अरीबा म्हनते, यंत्राले बोली नाई समजली, त्याचं काई नाई. काकाले समजत होती."

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. हे पत्र कुणालाही दाखव. निकाल बदलणार नाही, आणि अरीबा पुन्हा पटावर बसणार नाही, एवढं मला कळतं. त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर फक्त लिहून ठेवतो, आणि निकालपत्रावर केली तीच सही करतो.

फील म्हणजे उंट.

पंच,
किशोर