जानेवारीपुरती श्रीमंती

ती. हेल्मीताईस,

धाकट्या इंपीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? फ्लोरिडाच्या उन्हात तो गप्प बसला असेल अशी आशा करते. इकडे मिशिगनला बर्फ खिडकीपर्यंत आलाय, माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि मुख्य बातमी म्हणजे मी श्रीमंत झाले आहे.

घाबरू नकोस, लॉटरी नव्हे. महागाई वाढली म्हणून सरकारनं एक जानेवारीपासून माझं पेन्शन चिमूटभर वाढवलं. त्याच महागाईपायी दारिद्र्यरेषाही वर उचलतात, पण सावकाश, जानेवारी निम्मा सरल्यावर. मधल्या दिवसांत मी रेषेच्या नऊ डॉलर वर, आणि घर तापवायच्या गॅसची मदत बंद! मुळात ही रेषा काढली कशी, ठाऊक आहे? साठेक वर्षांपूर्वी कुणीतरी अगदी काटकसरीच्या जेवणाचा खर्च धरला, त्याला तिनानं गुणलं, आणि पुढे महागाईबरोबर तोच आकडा फुगवत नेला. (गुणणारा उबदार खोलीत बसला असणार. गॅस त्याच्या ध्यानीमनीही नाही.) शिवाय तुझ्या उन्हाला आणि आमच्या बर्फाला रेषा एकच. अलास्काला मात्र वेगळी देतात. थंडी काय तिथेच पडते?

पण मी कच्च्या गुरूची चेली नाही. घरात जितकी डोकी जास्त, तितकी रेषा वर. मी गॅसच्या मदतीच्या कचेरीत जाऊन तिथल्या बाईला ठणकावून सांगितलं, "आमच्या घरी अकरा माणसं." खोटं कशाला बोलू? दर शनिवारी आपल्या सौनात वाफेनं शेकून न्हायला सगळी आळी येते आणि माझ्याच टेबलावर जेवते. नावंही धडाधड सांगितली. लिहिता लिहिता ती बाई थांबली.

"इंपीमावशी, ही लेम्पी साविला माझी आई आहे. ती माझ्याकडे राहते."

"मग शनिवारी तुझ्याकडे का आंघोळ करत नाही गं?"

ती पोट धरून हसली, पण दहा नावं खोडलीच.

तुझी,
इंपी

ता. क. आपल्या आर्वोला माझ्याकडे पाठवून दे. बंधुराजांनी जन्मात छदाम कमावला नाही, आणि तुझ्या सोफ्यावर हा गुण नुसता वाया जातोय. माझ्याकडे माणूस एक वाढेल, उत्पन्न शून्य. असा भाऊ मागून मिळत नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच त्या बाईचा फोन आला. नवी रेषा लागू झाली, मी पुन्हा गरीब, गॅस सुरू. तेव्हा आर्वोची आता गरज नाही.

तरी पाठव. "घरात माणसं किती?" असं त्या दिवशी कचेरीत तिनं विचारलं ना, तेव्हा 'एक' म्हणायला माझी जीभच वळली नाही गं.