दादा, माझी नेमणूक कायम झाली

प्रिय दादा,

आज सकाळी जव्हारहून शाळाखात्याचे साहेब आले, मोखाड्याचा माझा मुलींचा वर्ग त्यांनी तपासला आणि माझी नेमणूक कायम झाली. आईला सांगितलं तशी ती देवापुढे साखर ठेवायला धावली. ही बातमी ज्यांना सगळ्यांत आधी सांगायची, ते घरात नाहीत, हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं, पण तुमच्याशी बोलायची सवय काही सुटली नाही.

दादा, तुम्ही मला शाळेत का घातलंत? लग्न होऊन वर्षाच्या आत मी विधवा होऊन परत आले, तेव्हा जव्हारची सगळी पेठ म्हणत होती, शिंप्याची पोर आहे, बापाचीच शिलाई शिकवा, पोटापुरतं होईल. तुम्ही मला मुलांच्या शाळेत नेऊन बसवलंत. दाराजवळच्या कोपऱ्यात बसून मी सहावी झाले. निकालाच्या दिवशी तुम्ही दुकान उघडलं नाही. गिऱ्हाइकं घरी आली, तर त्यांना आत बोलावून माझ्याकडून धडा वाचून घेतलात. केवढी लाजले होते मी!

मास्तरीण व्हायचं हे मात्र माझं मीच ठरवलं होतं. जव्हारच्या मुलींच्या शाळेत जागा निघाली आणि आपण दोघं कचेरीत गेलो. साहेबांनी अर्ज पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, वय फार लहान आहे. एवढंच. बाहेर आल्यावर माझे डोळे भरून आले. तुम्ही विचारलंत, "पुन्हा अर्ज कधी घेणार, ते विचारलंस का?" मी कशाला विचारतेय! मला रस्त्यातच उभी करून तुम्ही मागे फिरलात, पट्टेवाल्याला विचारून आलात आणि मग घरी चला म्हणालात. तेव्हा तुमचा राग आला होता. रडूसुद्धा देत नाहीत, असं वाटलं होतं.

दुसऱ्या खेपेला वयाचं नाव निघालं नाही. विधवा बाई वर्गावर आली, तर मुलींच्या आया काय म्हणतील, असं साहेब म्हणाले. ते मला फार लागलं. घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं, आता अर्ज नाही, मी जन्मभर काजं करीन. तुम्ही वाद घातला नाहीत. सदऱ्यांचा ढीग माझ्यापुढे ठेवलात. दिवसभर मी मान मोडून काजं केली. संध्याकाळी तुम्ही एकेक सदरा उजेडाकडे धरून पाहिलात आणि म्हणालात, "गोदे, तुझी काजं बघून मला गिऱ्हाईक राहणार नाही. तू आपली शिकवायलाच जा."

आई आतून हसली, मग मीही हसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती सगळी काजं उसवून पुन्हा केलीत, हे मी पाहिलं होतं. खरंच इतकी वाईट होती का हो?

तिसऱ्यांदा जव्हारची जागा नव्हतीच. मोखाड्याला मुलींचा वर्ग मंजूर झाला होता, पण वर्गाला मुलीच नव्हत्या. मास्तरीण कुणाला शिकवणार, भिंतींना? साहेब म्हणाले, आधी मुली आणा, मग पाहू. मला वाटलं, हे तर कायमचं दार लागलं. तुम्ही मात्र कचेरीच्या पायऱ्या उतरताना खुशीत होतात. "हा नकार नाही, गोदे. त्यांनी काम सांगितलंय."

त्यानंतर तुम्ही काय आरंभलंत! हातमशीन बैलगाडीत घालून मोखाड्याच्या बाजाराला जायला लागलात. उरलेले तुकडे जोडून पोलकी शिवायचात आणि बाजाराला आलेल्या बायकांना सांगायचात, पोरीला वर्गात पाठवणार असशील तर हे तिचं. माझी मुलगी शिकवणार आहे. अजून नेमणुकीचा पत्ता नव्हता आणि तुम्ही गावभर मला मास्तरीण करून टाकलंत. मला धाक पडायचा. उद्या कचेरीनं पुन्हा नाही म्हटलं, तर या बायकांना तोंड कसं दाखवायचं? तुम्हाला तसं कधी वाटलंच नाही का, की वाटून दाखवलं नाहीत?

एका गोष्टीसाठी मी अजून तुमच्यावर रुसलेय. अंगात हीव भरलेलं असताना तुम्ही शेवटच्या बाजाराला गेलात. आईनं विचारलं, तर नुसतं अंग दुखतंय म्हणालात. परत आलात ते गाडीत आडवे होऊन. तो ताप उतरलाच नाही. एक बाजार चुकला असता तर काय बिघडलं असतं, दादा?

तुमचे दिवस झाल्यावर लोक पुन्हा तेच सांगायला आले. मशीन विका, नाहीतर मुलीला त्यावर बसवा. आईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "मोखाड्याला कधी निघायचं?" ती असं म्हणेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघी इथे आलो. बाजाराजवळच्या एका दुकानदाराने घरापुढची ओटी वर्गासाठी दिली. पहिल्या सकाळी मी ओटी झाडली, सारवली आणि बसले. कुणीच आलं नाही. ऊन पायरीवरून वर चढत आलं, आई आत भात घालायला गेली. मनात आलं, साहेबांचंच खरं होतं.

तेवढ्यात पाड्यावरची जानी तिच्या मुलीला हाताला धरून आली. पोरीच्या पोलक्याची एक बाही तांबडी आणि एक निळी. जानी पायरीशी उभी राहून म्हणाली, "तुज्या बापाला सांगलं व्हतं, पोर धाडीन. तो नाय आला, पन आमी आलो."

मग एकेक येत गेल्या. कुणाच्या पाठीवर ठिगळ, कुणाच्या गळ्याला भलत्याच रंगाची पट्टी. तुमच्या हातची शिवण मी लांबून ओळखते, दादा. ओटी भरून गेली. मी आधी सगळ्यांना हात जोडायला लावले आणि तोवर डोळे पुसले.

चौथा अर्ज मी एकटीनं लिहिला. त्यात एवढंच होतं, की मुली आल्या आहेत, येऊन पाहावं. साहेब आले आणि हंगामी नेमणूक देऊन गेले. विधवा बाईचं काय, हे या वेळी कुणी काढलं नाही. मुलींच्या आया ओटीखाली उभ्या होत्या ना!

आणि आज तपासणी. साहेबांनी जानीच्या मुलीला, सोनीला, धडा वाचायला उभं केलं. ती घरी बोलते ती बोली निराळी, पुस्तकातली मराठी निराळी. एका शब्दापाशी ती अडली. मी पुढे होणार, तोच तिनं साहेबांना हातानं थांबा म्हटलं, शब्द पुन्हा मनाशी लावला आणि वाचून दाखवला. साहेब थांबले, दादा! मला थांबवणारे साहेब सोनीसाठी मुकाट्यानं थांबले.

निघताना त्यांनी विचारलं, "जव्हारच्या शाळेत जागा होतेय. येता का?" ज्या जागेसाठी मी रडले होते, तीच ती. मी म्हटलं, नाही साहेब, माझा वर्ग इथे आहे. सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यांनी मान डोलावली आणि हसले.

आता भातकापणी तोंडावर आली आहे. मुली आईबापांबरोबर शेतावर जातील, तोवर वर्ग बंद ठेवा, असं साहेब सांगून गेले. मी बंद ठेवणार नाही. आईशी बोलणं झालंय. फळा आम्ही दोघी धरून नेऊ. ज्या खळ्यावर मुली असतील, त्या खळ्यावर जेवणाच्या सुट्टीत वर्ग भरेल. एकही मुलगी वाचणं विसरून परत येणार नाही, हे माझं तुम्हाला वचन.

तुमची,
गोदावरी
मास्तरीण, मुलींचा वर्ग, मोखाडा