ताईच्या मानेची चित्रं

बुधवार, ५ नोव्हेंबर
नापास! प्रमोदिनीताई आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत नापास झाली — तीही ‘तुमचं नाव प्रमोदिनी का?’ या प्रश्नात.

नागपूरहून आयर्लंडला माझ्याकडे, भावाकडे, पाहुणी आली आणि पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. समज शाबूत आहे. पण शिवॉन — हॉस्पिटलातली वाचा-उपचार करणारी, गोड मुलगी — प्रश्न विचारते, आणि ताई आपली मान डोलावते. या खांद्याकडून त्या खांद्याकडे. ‘हो गं बाई, पुढे चल.’ शिवॉन लिहिते : नाही. ‘तुम्ही आयर्लंडमध्ये आहात का?’ पुन्हा डोलावली. पुन्हा : नाही! निष्कर्ष — उत्तरं भरवशाची नाहीत.

मंगळवारी डॉक्टरांची बैठक. ताईला गिळता येत नाही. नाकातली नळी काढून थेट पोटात कायमची बसवायची का, ते ठरणार. उत्तरं भरवशाची नसली तर तिला न विचारता. जन्मभर पोरांच्या संस्कृतात उलटतपासण्या घेणाऱ्या बाईला — न विचारता!

गुरुवार, ६ नोव्हेंबर
शिवॉनला म्हटलं, अहो, ते ‘हो’ आहे. ती म्हणाली, “तुमच्यावर अविश्वास नाही. पण घरच्यांना नेहमीच ‘हो’ दिसतं. आम्हाला आमचं ओळखता यायला हवं.” बरोबर बोलली. म्हणूनच राग आला. वॉर्डातल्या केरळच्या नर्सना कळतं, पण चाचणी शिवॉनची.

विभावरीला सांगितलं. माझी बायको इथल्या शॅनन गावच्या कारखान्यात यंत्रांची चित्रं काढते, तिला प्रत्येक दुःखावर आकृती सुचते.
“सांगू नकोस, दाखव. हलतं चित्र कर.”
“मी?”
“पुण्याच्या पेपरात दर पंधरवड्याला शब्दांत आयर्लंड रंगवतोस ना? आता एक मान रंगव.”
व्हिडिओ का नको? “चेहरा आला की लोक चेहरा वाचतात. नुसती रेघ काढ.”

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवलं. एक लेयर म्हणजे एक फ्रेम, तळातली आधी दिसते. मी अर्थात वरून सुरुवात केली. मान उलटी चालली.

आमच्या नाट्यशास्त्रकारांनी मानेच्या हालचालींना सुरेख नावं दिली आहेत. मी लेयरना तीच दिली — नकाराला ‘धुत’, डोलावण्याला ‘परिवाहित’.
विभावरी : “पंडितजी, शिवॉनला हे वाचायचंय. ‘येस’ आणि ‘नो’ लिहा.”
लिहिलं. पाच दिवसांनी बैठक — छे, चारच!

शनिवार, ८ नोव्हेंबर
आरशासमोर उभा राहिलो. मुद्दाम डोलवायला गेलं की मान अडते! रोज नकळत करतो, पण मागितली तर येत नाही. शेवटी फोनचा कॅमेरा लपवून विभावरीला विचारलं, “चहा टाकू?” डोलावली. सापडली! त्यावरून एकेक फ्रेम गिरवली.

चालवलं तर आधीची डोकी पुसलीच जाईनात. दशानन! विभावरी हसून हसून खाली बसली. मला हसू येईना. ताईचं पोट आणि मी रावण काढतोय. ‘नवी फ्रेम जुनीची जागा घेईल’ अशी खूण करायची राहिली होती. ती केली. मग वेग : फार जलद — खेळण्यातली बाहुली. फार हळू — शोकसभा. संध्याकाळपर्यंत जमलं. होकारात कान खांद्याकडे झुकतो, नाक जागच्या जागी. नकारात नाक फिरतं. इतकंच! सगळा फरक नाकात.

रविवार, ९ नोव्हेंबर
ताईला दाखवलं. डाव्या हातानं टॅबलेट जवळ ओढला. माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या ओठांनी हसली. संस्कृतात माझे विसर्ग सुधारायची तेव्हा अशीच पाहायची.

म्हटलं, “ताई, उद्या पास व्हायचंय हं! मग तुझ्या तोंडून — बरं, मानेनं — होकार घेऊ. नळी बसली की विमानात बसायची ताकद येईल. नागपूर.”
तिनं डोळे मिटले. दमली असावी.

सोमवार, १० नोव्हेंबर
शिवॉननं चित्रं सात-आठ वेळा पाहिली. स्वतः मान डोलवून पाहिली, जमली नाही. मग चाचणी. नाव? हो. तुम्ही माझी आई? नाही — ठसठशीत नाक फिरवून. हा चमचा? हो. एकही चुकलं नाही! शिवॉन म्हणाली, “ग्रँड!” आणि चित्रं पलंगाच्या डोक्याशी लावून ठेवली, डॉक्टरांनाही दिसावीत म्हणून.
रात्री विभावरीनं श्रीखंड केलं. मी दोनदा घेतलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
डॉक्टरांनी नळीचं समजावून सांगितलं. बसवली तर काय, नाही बसवली तर काय. काही न लपवता. मग विचारलं.
ताईचं नाक डावीकडे गेलं. उजवीकडे गेलं.
मी म्हटलं, तिला कळलं नसेल, मराठीत विचारतो. विचारलं. तिनं माझ्याकडे बघतच, सावकाश, पुन्हा केलं.
मी शिवॉनला म्हणालो, “ते हो आहे.”
तिनं पलंगाच्या डोक्याशी लावलेल्या चित्रांकडे पाहिलं. खोलीत सगळ्यांना समजलं होतं.