दोन गाद्यांमधली फट

१ नोव्हेंबर, शनिवार
काल हे रिटायर झाले. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात चौतीस वर्षं पाळ्या: आठवडा सकाळ, आठवडा दुपार, आठवडा रात्र. शाल, श्रीफळ, एक भिंतीवरचं घड्याळ. पाळ्या संपल्यावर घड्याळ देतात, शहाणेच म्हणायचे. आजपासून रोज रात्री घरात, एकही खाडा नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच. हसू आलं, जरा लाजही. अठ्ठावन्नाव्या वर्षी!

५ नोव्हें., बुध.
चार दिवस दोघांनाही नीट झोप नाही. यांना रात्री जागायची सवय, सारखी कूस बदलतात. पलंगावर आईनं लग्नात दिलेल्या दोन कापसाच्या गाद्या, मधे फट. त्या फटीत माझ्या पिना, यांचा चष्मा, लहानपणी एकदा आमच्या लेकीचा, स्नेहलचा अख्खा पाय. आज सकाळी उठले तर हे हॉलमधे, दिवाणावर.
"इथं काहून झोपले?"
"तुही झोप मोडते वं. मी तळमळतो, तू जागी राहते."
खरं आहे, मोडते. पण मोडू दे की. मनातच म्हटलं. मेथी निवडत बसले.

९ नोव्हें., रवि.
पॉवर स्टेशनच्या कॉलनीत असताना यांची रात्रपाळी असली की दिवसा कुकर बंद, वरण पातेल्यात. स्नेहलला चवड्यांवर चालायला शिकवलं. चौतीस वर्षं या माणसाची झोप राखली मी. आता हा माझी राखतो म्हणे, हॉलमधे जाऊन. मला हा माणूस बाजूला हवा आहे. वहीत नाही लिहायचं तर कुठं लिहायचं?
दु. स्नेहलचा पुण्याहून फोन. "आई, नवीन मॅट्रेस घे. एक जण हलला तरी दुसऱ्याला कळत नाही आजकाल."
यांना विचारलं, चलता का दुकानात.
"तूच पाहून ये. मले काय समजते त्यातलं."

१५ नोव्हें., शनि.
एकटीच गेले. दुकानदार म्हणे, "काकू, चप्पल काढा, झोपून पाहा." भर दुकानात! पदर सारखा करून आडवी झाले, डॉक्टरकडे झोपतात तशी ताठ.
"काका नाही आले? डबलची गादी दोघांनी पाहा लागते."
"ड्युटीवर आहेत," म्हटलं. तोंडातून सवयीनं गेलं. मग खरं सांगावंसं वाटलं नाही.
शेवटी तोच दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून उसळला. "काही समजून राहिलं का तिकडं?"
"नाही."
"बस! हेच तर पाहिजे."
मलाही वाटलं, हेच तर पाहिजे. घेतली. महिनाअखेरपर्यंत पटली नाही तर परत नेतील म्हणे.

२० नोव्हें., गुरु.
गादी सोमवारी आली. उंच, गुबगुबीत. यांनी तीनदा हातानं दाबून पाहिली, म्हणाले, "मस्त हाय." जुन्या दोन्ही दिवाणाखाली सरकवल्या.
मी तिन्ही रात्री गाढ झोपले. आणि तिन्ही सकाळी यांची बाजू गार, हे दिवाणावर. केव्हा उठून जातात, पत्ता नाही. जुन्या गादीवर निदान जाताना कळायचं. फसले मी. झोप मागितली होती का कुणी?

२६ नोव्हें., बुध.
मी आंघोळीला गेले असं समजून हे अंगणात स्नेहलशी फोनवर.
"गादी चांगली हाय वं, पण बाजूले कोणी हाय का नाही, समजतच नाही. डोळे उघडून पाहा लागते. मग झोपच येत नाही."
हे मला सांगता आलं नसतं? मीही कुठं काय सांगितलं म्हणा. धुणं वाळत घातलं. राग आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

२९ नोव्हें., शनि.
स. दुकानदाराचा फोन. "काकू, उद्या शेवटचा दिवस. ठेवता का नेऊ?"
"संध्याकाळी सांगते."
हे सकाळीच स्कूटरवर खापरखेड्याला, दोस्तांना भेटायला. मी दोन्ही जुन्या गाद्या एकेक करून गच्चीवर नेल्या, ऊन दाखवलं, काठीनं झोडल्या. मग दाभण-सुतळी घेतली आणि काठाला काठ शिवून टाकला. तीन तास लागले. बोटात दोनदा घुसलं. शिवण वाकडी, पण पक्की. फट गेली.
उठून उचलायला गेले तेव्हा लक्षात आलं. ही आता एकटीच्यानं खाली जात नाही. अक्कल म्हणजे! खाली नेऊन शिवायची होती. शेजारणीला हाक मारता येईल. मारणार नाही.
यांना फोन केला. "घरी या. गादी गच्चीवरून खाली न्या लागते, एकटीनं नाही उचलत."
"कोणती गादी?"
"आपली. दोन्हीची एक केली."
मागे दोस्तांचं हसणं, कपबश्या.
"येतो," म्हणाले. केव्हा, ते नाही सांगितलं.
पावणेसहा. ऊन गेलं. दुकानदाराचा फोन दोनदा वाजून थांबला. गादीवर बसूनच लिहिते आहे, माझ्या बाजूला. यांची बाजू दिवसभराच्या उन्हानं अजून गरम आहे, पण आता थंडी पडायला लागली आहे.