आमचं कापड पुरतंच

४ जानेवारी १९८२
गुंडू टेलरशी बोलणं कायमचं बंद. आज भर दाजीबानपेठेत, गिऱ्हाइकांसमोर कानडीत म्हणाला, पुंडलिकअण्णा, तुमच्या दुकानाची अरिबी सालंगिल्लरी. म्हणजे आपलं कापड शिवायला पुरत नाही. समोरच्या वादिराजच्या दुकानाचं पुरून उरतं म्हणे. कापड चोरतात टेलर आणि नाव खराब होतं दुकानदाराचं. वत्सला म्हणाली, सोडून द्या. बायको आहे, असंच म्हणणार. मी स्वतः शिवण शिकणार आणि आपल्याच कापडाचा सफारी शिवून सगळ्या पेठेला दाखवणार. होणारे जावई मधुकरराव तो घालतील. पुढच्या महिन्यात मंगलाचा साखरपुडा आहे. पेठ जेवायला येणारच आहे, बघूनही जाईल.

६ जानेवारी
देशपांडे नगरात पार्वतीअक्कांचा शिवणक्लास. नाव घातलं. सगळ्या बायका, पुरुष मी एकटा. कोपऱ्यातली मशीन मिळाली. आमचे आजोबा हातानं बाराबंद्या शिवायचे. सुई रक्तातच आहे. बायकांना सहा महिने लागतात, मला एक पुरे.

९ जानेवारी
अक्कांशी मतभेद. त्या म्हणतात टेप वापरा. मी दुकानातली लोखंडी मीटरपट्टी नेली होती. वडिलांच्या वेळेपासून तिनंच मोजतोय. अक्का म्हणाल्या, अण्णा, मोजताना कापड ओढू नका, आणि दरवेळी तुमचा अंगठा मागं सरकतो. म्हटलं, अक्का, ती पकड आहे, कमवायला आयुष्य गेलंय. अक्कांना धंद्यातलं काय कळणार.

१३ जानेवारी
पहिला कपडा तयार. उशीचा अभ्रा. उशी आत जाईना. उशी भलतीच फुगली आहे, वत्सलाला कधीपासून सांगतोय. थोडा कापूस काढला. मग आणखी थोडा काढला. आता अभ्रा फर्स्टक्लास बसतो.

१४ जानेवारी
मान दुखतेय. संक्रांतीची थंडी बाधली असणार.

१९ जानेवारी
झबलं. शेजारच्या बाळाचं डोकं त्यात अडकलं. बाळ रडलं, त्याची आई बरंच काही बोलली. त्या घरातली सगळीच डोक्यानं मोठी. शेवटी झबलं देवघरातल्या बाळकृष्णाला घातलं. त्यानं काही तक्रार केली नाही.

२५ जानेवारी
स्वतःचा शर्ट. शिलाई अशी की अक्का बघतच राहिल्या. बटणं तेवढी लागत नाहीत. आजपासून रात्रीची भाकरी बंद.

२६ जानेवारी
भाकरी बंदच. चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीभजी खाल्ली. ती जेवणात धरत नाहीत.

२ फेब्रुवारी
मधुकरराव दुकानी आले. मापं नजरेनंच घेतली. जावयाच्या अंगाला टेप लावणं बरं दिसत नाही, आणि कापडवाल्याला नजर पुरते. आकाशी टेरीकॉटचा नवा ताका फोडला. अक्का म्हणतात आधी पेपरवर कटिंग करा, शिलाईला कापड सोडा. एवढा भित्रेपणा करून सफारी होत नसतो. सरळ कात्री लावली.

१२ फेब्रुवारी
सफारी तयार. हँगरवर जरा लहान दिसतो. हँगरवर सगळंच लहान दिसतं. तरी खबरदारी म्हणून निपाणीला व्याही विठ्ठलरावांना कार्ड टाकलं, चिरंजीवांनी साखरपुड्यापर्यंत भात कमी करावा. तेही कापडवालेच आहेत, समजून घेतील.

१८ फेब्रुवारी
निपाणीचं उत्तर नाही. म्हणजे भात कमी केला असणार.
मंगला म्हणाली, अप्पा, सफारी गुंडूकडं देऊन सैल करून घ्या, तुमच्या पाया पडते. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. पोरीचं काही बिनसू नये असं मलाही वाटतंच. म्हणून तर स्वतः शिवलाय.

२१ फेब्रुवारी
साखरपुडा. सगळं लिहून ठेवतो, कारण लोक उद्या भलतंच सांगतील.
मधुकररावांनी सफारी घातला. लांब बाह्या कोपरापर्यंतच, पँट पोटरीपर्यंत. पोरगा गुणी, श्वास रोखून उभा राहिला. मग विठ्ठलराव म्हणाले, सासऱ्यांच्या पाया पड. तो वाकला आणि मागं टर्र झालं. गुंडू पुढच्याच रांगेत बसला होता. चहा तेवढा निवांत प्याला. टेलरची जात ती.
मी म्हटलं, हल्लीच्या गिरण्यांचं कापड आक्रसतं. विठ्ठलराव हसले नाहीत. उरलेलं कापड आणि मीटरपट्टी मागवली आणि म्हणाले, व्याहीबुवा, मोजा. मोजलं. दोन मीटर भरलं. ते कापडाकडं बघतच नव्हते, माझ्या अंगठ्याकडं बघत होते.
तेवढ्यात मंगला उठली. माझ्या हातातनं पट्टी घेतली, तेच कापड न ओढता सतरंजीवर पसरलं आणि मोजलं. पावणेदोन. पोरीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलंही.
वाटलं, मोडलं लग्न. वत्सलाकडं बघायची हिंमत होईना. विठ्ठलराव म्हणाले, मुलगी पसंत होतीच, आता जास्त पसंत आहे, आमच्या दुकानात बसवू. लग्नाची कापडं मात्र समोरच्या दुकानात घ्यायची, आणि तीच मोजून घेईल.
शिलाईबद्दल कुणीही चांगलं बोललं नाही.

२ मार्च
वादिराजच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून बसलो. त्यानं मला चहा मागवला. प्यावा लागला. दर कापाला वीतभर कापड जास्त सोडतो. बुडणार हा माणूस, लिहून ठेवतो. पाय ठेवायला जागा नव्हती एवढी गर्दी. तिथनं आपलं दुकान दिसत होतं. नोकर एकटाच माशा मारत होता. आल्यावर त्याला झाडला.

१४ मार्च
अक्कांनी सर्टिफिकेट दिलं. त्यावर लिहिलंय, बाळांचे व बाहुल्यांचे कपडे, विशेष प्रावीण्य. ते दुकानात लावायला निघालो होतो. वत्सलानं कपाटात ठेवून कुलूप घातलं. बायकोला माझं कौतुक सहन होत नाही.

२८ एप्रिल
लग्न पार पडलं. सगळे कपडे गुंडूनं शिवले. मंगला निपाणीला गेली. जाताना मीटरपट्टी नोकराच्या हातात दिली आणि म्हणाली, अप्पांना देऊ नकोस.

३ मे
एक बाई मुद्दाम सांगायला आल्या, या खेपेला कापड पुरलं. नोकरानं मोजलं होतं. म्हटलं, बाई, आमचं कापड पुरतंच. गुंडूलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.
लग्नाच्या कापडातून उरलेल्या तुकड्याचा गुंडूनं उशीचा अभ्रा शिवून दिलाय. मी उशीतनं काढलेला कापूस मंगलानं जायच्या आधी परत भरून ठेवला होता. मान दुखायची थांबली. झोप मात्र येत नाही. पोरगी गेल्यापासून घर फार सैल झालंय, आणि ते कसं आवळायचं हे अक्कांनी शिकवलेलं नाही.